भूल देण्याआधी डॉक्टरांना काय सांगायचं, काय विचारायचं? (आईचं ऑपरेशन एका चहामुळे पुढे गेलं)

पांझरेकाठी

नमस्कार मंडळी. गेल्या मंगळवारी धुळ्यात आईचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, दुर्बिणीतून. आईचं वय ६४. बीपीची गोळी चालू आहे, बाकी अजून शेतात दिवसभर राबते. रात्री दहानंतर काही खायचं-प्यायचं नाही, असं सिस्टरनी बजावून सांगितलं होतं. सकाळी साडेआठला आत न्यायची तयारी झाली. हिरवा गाऊन घातला, बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. तेवढ्यात भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, सकाळपासून काही घेतलं का?" आई म्हणाली, "काही नाही, फक्त चहा."

पहाटे साडेपाचला मी खाली औषधं आणायला गेलो होतो. शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या घरच्यांनी थर्मासमधला चहा सगळ्यांना दिला, तसा हिलाही दिला. सोबत दोन टोस्ट. झालं, त्या दिवशीचं ऑपरेशन रद्द. नाशिकहून बहीण रजा काढून आली होती, तीही परत गेली. मी आईवर ओरडलो, त्याचं आता वाईट वाटतंय. ती एवढंच म्हणाली, "घोटभर चहा पिधा ते काय व्हस रे भाऊ?" आणि मलाही त्याचं उत्तर माहीत नव्हतं.

रात्री दिवा घालवल्यावर तिने हळूच विचारलं, "माले जाग नई उनी ते?" (मला जाग नाही आली तर?) म्हणजे ही बाई महिनाभर हीच भीती मनात घेऊन फिरत होती. पोटात भोकं पाडणार, खडे निघणार, याची तिला चिंताच नाही. चिंता आहे ती भुलीची.

नवी तारीख पुढच्या आठवड्यातली आहे. मला नीट समजून घ्यायचंय. चहा एवढा धोक्याचा का? पूर्ण भूलच का लागते, कमरेतल्या इंजेक्शनवर भागत नाही का? बीपीची गोळी त्या दिवशी द्यायची का? आणि मलाही खालची अक्कलदाढ काढायची आहे, ती भीतीपोटी दोन वर्षं टाळतोय. जाणकारांनी कृपया सांगावं.

भुलीचा_डॉक्टर

पांझरेकाठी, तुमच्या आईंनी चहाचं खरं सांगितलं, यासाठी त्यांना माझा नमस्कार सांगा. वीस वर्षं जळगाव-धुळे पट्ट्यात भूल देतोय. चहा लपवणारे पेशंट मी पाहिले आहेत आणि त्यातले काही प्रसंग अजून विसरलेलो नाही. त्यामुळे चहावरच जरा सविस्तर लिहितो.

जागेपणी घशात पाण्याचा थेंब चुकून श्वासनलिकेकडे गेला तर आपल्याला ठसका लागतो. हा ठसका म्हणजे फुप्फुसांचा राखणदार. पूर्ण भूल दिली की तो झोपतो आणि जठराच्या तोंडावरची पकडही सैल होते. पोटात काही असेल तर ते वर घशात येतं आणि ठसका नसल्यामुळे सरळ फुप्फुसात उतरतं. त्यात जठरातलं आम्ल असतं, ते फुप्फुस जाळतं. अन्नाचा कण असेल तर श्वासाची वाट बंद होते. यातून माणूस व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो, दगावूही शकतो.

आता किती तास? साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. कोरा चहा किंवा गाळलेला, गर नसलेला रसही त्यातच धरतात. आईचं दूध पिणाऱ्या बाळाला ४ तास. वरचं दूध, दुधाचा चहा, पोळी-भाजी, बिस्किटं यांना ६ तास. तळलेलं, तेलकट, मांसाहार असेल तर ८ तास. आपल्याकडचा चहा म्हणजे निम्मं दूध, आणि दूध पोटात गेलं की फाटून घट्ट होतं, ते पाण्यासारखं पटकन पुढे सरकत नाही. साडेपाचचा चहा-टोस्ट म्हणजे साडेअकराच्या आत भूल देणं बरोबर नव्हतं. तुमच्या डॉक्टरांनी योग्यच केलं.

आदल्या रात्रीच्या जेवणाचंही सांगतो. ऑपरेशन आहे, मग आठ दिवस पथ्य, म्हणून आदल्या रात्री घरचे प्रेमाने शेवभाजी करतात, नाहीतर वांग्याचं भरीत आणि पुऱ्या. तेलाची तर्री पोटात फार वेळ रेंगाळते. त्या रात्री आठच्या आत साधं वरण-भात किंवा खिचडी, एवढंच.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. "उपाशी" म्हटलं की लोक पाणीसुद्धा बंद करतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो. रात्री दहापासून दुपारी दोनपर्यंत पाण्याचा थेंब नाही, असा म्हातारा माणूस टेबलावर आला की त्याच्या अंगात पाणीच नसतं. भूल दिल्याबरोबर बीपी धाडकन खाली येतं. म्हणून आदल्या दिवशीच विचारा, "माझा नंबर कितीला लागेल आणि पाणी कितीपर्यंत प्यायलं तर चालेल?" घड्याळातली वेळ विचारून घ्या. शुगर असेल, पोट फुगलेलं असेल, बाई गरोदर असेल, तर वेळा बदलतात. त्या तुमच्या डॉक्टरांनी सांगाव्यात.

बाकीचं रात्री लिहितो. एक सिझेरियन आहे, निघतो.

माहेर_चोपडा

सिझेरियनचा विषय निघालाच आहे तर विचारते. माझं सिझर चार वर्षांपूर्वी झालं, कमरेत इंजेक्शन देऊन. तेव्हापासून कंबर दुखते. सासूबाई, आत्याबाई सगळ्या म्हणतात की ती सुई जन्मभर दुखते. आता दुसऱ्या वेळेला दिवस गेलेत. पूर्ण भूल मागू का? शिवाय मागच्या वेळी टेबलावर मला पोटात ओढल्यासारखं, खेचल्यासारखं कळत होतं. मी घाबरून ओरडले तर कुणीतरी म्हणालं, "काही होत नाही, गप पडा." ते अजून मनातून जात नाही.

केळीबागवाला

आमच्या रावेरकडेही घरोघरी हेच बोलतात. वडिलांना हर्नियासाठी कमरेत सुई दिली होती. तिसऱ्या दिवशी उठून बसलं की डोकं फुटायचं, आडवं झालं की थांबायचं. आम्ही समजलो मेंदूला काही झालं. ते नेमकं काय होतं?

भुलीचा_डॉक्टर

चोपड्याच्या ताई, आधी तुमच्या भीतीबद्दल. तुम्हाला जे कळलं ते खरंच कळलं होतं, तुमची कल्पना नव्हती. कमरेतल्या भुलीत दुखणं बंद होतं. दाब आणि ओढ मात्र थोडी जाणवतेच. बाळ बाहेर काढताना पोटावर जोर देतात, तेव्हा छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. हे आधी सांगितलेलं असतं तर तुम्ही घाबरला नसता. तुम्हाला गप पडायला सांगणं चूकच होतं. या वेळी भुलीच्या डॉक्टरांना हा प्रसंग जसाच्या तसा सांगा. ओढ कळतेय की दुखतंय, हे ते तुम्हाला विचारत राहतील. दुखत असेल तर तसं स्पष्ट म्हणा, त्यावर उपाय असतो आणि तो लगेच करता येतो.

आता कंबर. सुई केसासारखी बारीक असते आणि ती मज्जारज्जूला लागत नाही, कारण मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. आम्ही त्याच्या खाली, साधारण तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीत सुई घालतो. टोचलेली जागा दोन-चार दिवस ठणकते, तेवढंच. वर्षानुवर्षं कंबर दुखण्याचा या सुईशी संबंध अभ्यासांत सापडलेला नाही. पूर्ण भूल दिलेल्या आणि नैसर्गिक बाळंतपण झालेल्या बायकांचीही कंबर तशीच दुखते. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल होतात, पोटाच्या भाराने कमरेचा बाक वाढतो. नंतर बाळाला मांडीवर घेऊन वाकून पाजणं, पाण्याचे हंडे, धुण्याच्या बादल्या. दुखणं खरं आहे, पण सगळं खापर सुईवर फुटतं आणि खऱ्या कारणावर इलाजच होत नाही. बाळंतपणानंतर पोटाचे आणि कमरेचे व्यायाम कुणी शिकवले होते का तुम्हाला?

पूर्ण भूल मागू नका. सिझेरियनमध्ये कमरेतली भूलच आईला जास्त सुरक्षित असते. गरोदरपणी पोट हळू रिकामं होतं, घशाला सूज असते, नळी घालणं अवघड जातं. आणि बाळाचं पहिलं रडणं तुम्हाला स्वतःच्या कानांनी ऐकता येतं.

केळीबागवाले भाऊ, तुमच्या वडिलांचं दुखणं ओळखीचं आहे. मज्जारज्जूभोवतीच्या पिशवीत पाणी असतं. सुईच्या भोकातून ते थोडं झिरपत राहतं, म्हणून उठलं की डोकं दुखतं आणि झोपलं की थांबतं. बारीक आणि पेन्सिलीच्या टोकासारख्या सुया आल्यापासून हे खूप कमी झालंय. भरपूर पाणी, साध्या वेदनाशामक गोळ्या, चहा-कॉफी यांनी बहुतेकांचं आठवड्याभरात बरं होतं. नाहीच थांबलं तर रुग्णाचंच थोडं रक्त हातातून काढून त्या जागेजवळ सोडतात. ते गोठून भोक बुजवतं आणि बऱ्याचदा काही तासांतच डोकं उतरतं. पण डोकेदुखीसोबत ताप, मान आखडणं, अंधुक दिसणं असेल तर घरी थांबायचं नाही.

पांझरेकाठी, पित्ताशयाला पूर्ण भूल का, ते सांगायचं राहिलं. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात कार्बन डायऑक्साईड भरून ते फुगवतात, त्याशिवाय आत काम करायला जागा होत नाही. फुगलेलं पोट श्वासाचा पडदा वर ढकलतं. जाग्या माणसाला तसा श्वास घेणं त्रासाचं होतं. म्हणून झोपवून, नळी घालून, श्वास मशीनवर देतात. नंतर आईंचा घसा एक-दोन दिवस खवखवेल, तो नळीमुळे. आणि खांदा दुखेल. खांद्याला काय झालं म्हणून घाबरू नका. उरलेला वायू त्या पडद्याला टोचतो आणि त्याची कळ खांद्यात उमटते.

पांझरेकाठी

डॉक्टर साहेब, फार आभार. खांद्याचं कळलं नसतं तर आम्ही हृदयाचं समजून धावपळ केली असती. पण आईचा मुख्य प्रश्न राहिला. जाग येईलच ना?

भुलीचा_डॉक्टर

लोकांना वाटतं, भूल म्हणजे एक इंजेक्शन, ते दिलं की डॉक्टर निघून जातो आणि मग माणूस आपला आपण उठला तर उठला. तसं नाही. शिरेतून दुधासारखं पांढरं औषध देतात, प्रोपोफॉल. त्याने माणूस अर्ध्या-एक मिनिटात झोपतो, पण त्या एका डोसची झोप पाच-दहा मिनिटांचीच. पुढची झोप टिकवायला श्वासातून सेवोफ्ल्युरेन किंवा आयसोफ्ल्युरेनसारखं औषध सतत चालू ठेवावं लागतं. ते बंद केलं की श्वासावाटेच बाहेर पडतं. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर उतरवायलाही शेवटी वेगळं इंजेक्शन देतात. आई आपोआप झोपून राहणार नाहीत, आम्ही त्यांना मिनिटामिनिटाला झोपवून ठेवत असतो. त्या सगळ्या वेळात भुलीचा डॉक्टर त्यांच्या डोक्याशी बसलेला असतो. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, छातीवर हृदयाच्या तारा, दंडाला बीपीचा पट्टा, सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साईड मोजणारी नळी, सगळं डोळ्यांसमोर.

धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. निरोगी माणसात निव्वळ भुलीमुळे मृत्यू येण्याचं प्रमाण, जिथे सोयी चांगल्या आहेत तिथे, साधारण १ लाखात १ असं धरतात. आजार, वय, तातडीचं ऑपरेशन यांनी ते वाढतं. भूल चालू असताना मधेच जाग येऊन सगळं कळणं, ही दुसरी मोठी भीती. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या, २०१४ साली आलेल्या मोठ्या पाहणीत तशा तक्रारी सुमारे १९ हजार भुलींमागे १ अशा निघाल्या.

बीपीची गोळी पहाटे पाण्याच्या घोटाबरोबर घ्यायची, बंद करायची नाही. मात्र नावाच्या शेवटी 'सार्टन' किंवा 'प्रिल' असेल, जसं टेल्मिसार्टन, तर आधी विचारा. त्या गोळ्या काही डॉक्टर आदल्या दिवशी थांबवतात. शुगरच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती ३ दिवस आधी बंद करावी लागते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका आणि लपवूही नका. नाव पाठ नसेल तर रिकामं पाकीट घेऊन या.

सातपुडा_पायथा

मी नंदुरबार जिल्ह्यात आरोग्यसेवेत आहे. एक गोष्ट या धाग्यावर आलीच पाहिजे म्हणून लिहितेय. सिकलसेल.

अक्कलकुवा, धडगाव, शहादा, तळोदा, नवापूर या बाजूला भिल्ल, पावरा, गावित घरांमध्ये हा रक्ताचा आजार आहे. यात ऑक्सिजन कमी झाला, अंगातलं पाणी कमी झालं किंवा थंडी वाजली की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आता विचार करा, ऑपरेशनच्या दिवशी काय होतं? माणूस उपाशी, तहानलेला, थंडगार एसीच्या खोलीत पातळ गाऊनवर. भुलीच्या डॉक्टरला आधी माहीत असेल तर तो आदल्या रात्रीपासून सलाईन लावतो, अंगावर गरम पांघरूण ठेवतो, ऑक्सिजनची जास्त काळजी घेतो, रक्ताची तयारी ठेवतो. माहीत नसेल तर ऑपरेशन उत्तम होऊनही रुग्ण दुसऱ्या दिवशी हाडं फोडणाऱ्या दुखण्याने तळमळतो, छातीत गुंतागुंत होते.

तपासणी सरकारी दवाखान्यात होते. २०२३ पासून तर देशभर सिकलसेल निर्मूलनाचं अभियानही सुरू आहे. पण कार्ड घरी पेटीत राहतं आणि माणूस सुरतेला किंवा नाशिकला ऑपरेशनला जातो. काही जण लाजेने सांगत नाहीत, मुलीचं लग्न मोडेल म्हणून. मी हात जोडून सांगते, कार्ड सोबत न्या. फक्त वाहक असाल तरी सांगा.

केळीबागवाला

ताई, चांगलं लिहिलंत. आमच्याकडे बागेत तिकडची मंडळी कामाला येतात, त्यांच्यापर्यंत पोचवतो.

मला तंबाखूचं विचारायचंय. भाऊ दिवसाला गुटख्याच्या आठ-दहा पुड्या खातो, बंदी असूनही मिळतात. त्याच्या मूतखड्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं आणि एकदम गंभीर झाले. म्हणाले, नाशिकला न्यावं लागेल. खड्याचा आणि तोंडाचा काय संबंध?

भुलीचा_डॉक्टर

याच प्रश्नाची वाट पाहत होतो, कारण खान्देशात मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

आत्ता वाचता वाचता स्वतःची तीन बोटं, उभी, एकावर एक धरून तोंडात जातात का बघा. जात असतील तर ठीक. सुपारी आणि गुटख्याने गालाच्या आतली कातडी पांढरी, दोरीसारखी ताठ होते आणि तोंड दोन बोटं, मग एकच बोट, एवढंच उघडतं. पूर्ण भुलीत श्वासनलिकेत नळी घालायची असते आणि ती साधारण तोंडातूनच घालतात. तोंडच उघडत नसेल तर झोपवल्यावर श्वासाची सोय करायला हाताशी मोजकी मिनिटं असतात. अशा रुग्णाला आम्ही आधी झोपवत नाही. जागेपणीच नाक आणि घसा बधिर करून, दुर्बिणीवर चढवलेली नळी नाकातून उतरवतो आणि मग झोपवतो. त्यासाठी ते यंत्र लागतं आणि हातही त्याला सरावलेला लागतो. तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात ते नसतं. तुमच्या डॉक्टरांनी नाशिकला न्यायला सांगितलं, ही त्यांची जबाबदारीची जाण आहे. खडा खालच्या बाजूला असेल तर कमरेतल्या भुलीवरही जमू शकतं, पण ती पुरली नाही तर नळीची तयारी लागतेच.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी निदान आदला दिवस तरी सोडा, तेवढ्यातही रक्तातला कार्बन मोनॉक्साईड उतरतो. फुप्फुसं सुधारायला मात्र चार ते आठ आठवडे लागतात. बायांनो, मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे. आम्ही "तंबाखू खाता का?" विचारतो आणि मिश्री लावणारी बाई खरेपणाने "नाही" म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणं असतं.

अजून एक, जे शहरातल्या भूलतज्ज्ञालाही पटकन सुचणार नाही. कपाशीवर फवारणी करून आलेला माणूस. बोंडअळी, मावा यांवरच्या काही कीटकनाशकांनी, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या, रक्तातलं एक विकर (एन्झाइम) मंद पडतं. नळी घालताना स्नायू सैल करायला जे सक्सिनिलकोलीन देतात, ते तोडण्याचं काम हेच विकर करतं. एरवी त्याचा असर पाच-दहा मिनिटांत संपतो. अशा माणसात तो लांबतो आणि श्वास परत यायला बराच वेळ लागू शकतो. आधी माहीत असेल तर आम्ही दुसरं औषध वापरतो, इतकं सोपं आहे. पण रात्री आंत्रपुच्छ दुखायला लागून आलेल्या शेतकऱ्याला कुणी विचारत नाही की आज दुपारी पाठीवर पंप होता का. तुम्ही आपणहून सांगा. घरात कुणाला भुलीनंतर जाग यायला किंवा श्वास यायला फार वेळ लागला असेल, खूप ताप चढला असेल, तेही सांगा. काही दोष रक्तातून येतात.

आणि हो, कन्नड घाटात एसटी चढली की ज्यांना उलटी होते, त्यांनी तेही सांगावं. अशांना भुलीनंतर मळमळ जास्त होते. आधी कळलं तर तिचं औषध देऊन ठेवतो.

दातांची_डॉक्टर

भुसावळहून. पांझरेकाठी, तुमच्या अक्कलदाढेकडे वळते, नाहीतर ती अजून दोन वर्षं राहील.

पूर्ण भूल द्यायची सुरुवात जगासमोर करून दाखवली ती एका दंतवैद्याने, याचा मला फार अभिमान आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथर देऊन एका रुग्णाच्या मानेवरची गाठ काढू दिली. म्हणून १६ ऑक्टोबर हा जागतिक भूल दिन. त्याआधी होरेस वेल्स या दुसऱ्या दंतवैद्याने हसवणारा वायू घेऊन स्वतःचा दात काढून घेतला होता. दात दुखतो तेव्हा माणूस काय सोसतो, हे त्यांनी रोज पाहिलं होतं.

तुमच्या दाढेला पूर्ण भूल बहुधा लागणार नाही. जबड्याच्या मागच्या बाजूला, जिथे खालच्या दातांची नस आत शिरते, तिथे लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध देतात. पाच-दहा मिनिटांत त्या बाजूचा ओठ जाड, सुजल्यासारखा वाटायला लागतो. ओठ जड झाला नसेल तर सांगा, पुन्हा देता येतं. कळ जाईल, दाब, हलवणं, करकर आवाज कळेल.

इंजेक्शननंतर काही जणांची छाती धडधडते, हात थरथरतात, आणि मग ते जन्मभर सांगत फिरतात की मला दाताच्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे. त्यात मिसळलेल्या ॲड्रेनॅलिनने ते होतं. ते औषध जागेवर धरून ठेवायला आणि रक्त कमी यायला घालतात, मिनिटा-दोन मिनिटांत धडधड थांबते. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी अत्यंत दुर्मीळ. मागे असं झालं असेल तर सांगा, आम्ही हळू देतो, जपून देतो. हृदयाचा आजार असेल तर तेही.

"दोन इंजेक्शनं देऊनही दुखलं" ही तक्रार मात्र खरी असते. पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि औषध नसेत नीट शिरतच नाही. म्हणून गाल सुजेपर्यंत थांबू नका. आमच्याकडे लोक लवंग, कापूर, दारूची गुळणी, सगळं करून चौथ्या दिवशी येतात, तेव्हा आम्हालाही आधी पू काढून औषधं द्यावी लागतात. तोंड कमी उघडणाऱ्यांसाठी दात मिटलेले ठेवूनही त्या नसेपर्यंत पोचायची पद्धत आहे, त्यामुळे त्यांनी आशा सोडू नये. वरची दाढ काढली की नजर जाते, हे खरं नाही. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी.

आणि चहाच्या धाग्यावर हे ठळक लिहिते: नुसत्या इंजेक्शनवर दात काढायचा असेल तर उपाशी येऊ नका. पोटभर जेवून या. शुगरवाल्यांनी तर नक्कीच. उपाशी पोटी, घाबरलेल्या अवस्थेत खुर्चीत बसलं की घेरी येते आणि दोष इंजेक्शनला मिळतो. नंतर दोन-चार तास ओठ बधिर असतो, तोवर गरम चहा नको, जेवण नको. लहान मुलांकडे लक्ष ठेवा. त्यांना गंमत वाटते आणि ती ओठ चावून रक्तबंबाळ करतात.

माहेर_चोपडा

दोन्ही डॉक्टरांचे मनापासून आभार. माझ्या नव्या डॉक्टरांकडे भुलीच्या डॉक्टरांना आधी भेटायचंय म्हणून सांगितलं. ते म्हणाले, ते बाहेरून येतात, ऑपरेशनच्या वेळीच भेटतील. मग काय करायचं?

भुलीचा_डॉक्टर

ताई, छोट्या गावांत हे खरं आहे. आम्ही दिवसभर एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत असतो आणि पेशंटची पहिली भेट टेबलावर होते. हे मला स्वतःला मान्य नाही. ठरलेल्या ऑपरेशनला तरी आदल्या दिवशी भेट झालीच पाहिजे. तुम्ही नम्रपणे पण ठामपणे धरून बसा. प्रत्यक्ष जमलं नाही तर फोनवर दहा मिनिटं मागा. नुसता ईसीजी आणि रक्त तपासून आणलेलं 'फिटनेस' म्हणजे ही भेट नव्हे. मागच्या सिझरचे कागद समोर ठेवा आणि ओरडल्याचा प्रसंग सांगा.

पांझरेकाठी

मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय. आईचं ऑपरेशन काल झालं.

परवा संध्याकाळी भुलीचे डॉक्टर खाटेवर येऊन बसले. मीच विनंती केली होती. योगायोगाने तेही अहिराणी बोलणारे निघाले. बीपी, गोळ्या विचारल्या, तोंडात तीन बोटं घालायला लावली, कवळी आहे का पाहिलं. मग एकदम म्हणाले, "माय, मिश्री लावस का?" आई माझ्याकडे बघायला लागली. मी जरा बाहेर गेलो. परत आलो तेव्हा ते हसून म्हणाले, चाळीस वर्षांपासून लावतात. मी या घरात वाढलो आणि मला हे माहीत नव्हतं. पहाटे तोंड धुवायला ती विहिरीवर का जायची, ते आता कळलं.

फवारणीचं मीच काढलं. आमच्या कपाशीवर मागच्या रविवारी फवारणी झाली होती आणि आई बांधावरून पाणी आणून देत होती. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं, औषधाच्या बाटलीचा फोटो पाठवायला सांगितला. जाग येण्याचा प्रश्न तिने स्वतः विचारला. त्यांनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं की मी तुझ्या उशाशीच बसणार आहे.

पहाटे पाच वाजता घोटभर पाण्याबरोबर गोळी दिली. शेजारच्या बाईंचा थर्मास आला, आईने स्वतःच हात हलवून नाही म्हटलं. ऑपरेशन झालं, तासाभराने हाक मारल्यावर डोळे उघडले. रात्री मात्र तिला जरा भ्रम झाला, मला तिचा भाऊ समजून बोलत होती. सिस्टर म्हणाल्या, वयस्कर माणसांत होतं. चष्मा घालून दिला, दिवा लावून जवळ बसलो, सकाळपर्यंत ठीक झाली. खांदा दुखतोय आणि घसा बसलाय, दोन्ही तुम्ही सांगितल्याप्रमाणे.

भुलीचा_डॉक्टर

वाचून फार बरं वाटलं. रात्रीचा भ्रम डिस्चार्जच्या वेळी पुन्हा एकदा डॉक्टरांच्या कानावर घाला. मिश्री ऑपरेशनच्या निमित्ताने सुटलीच आहे, आता पुन्हा लागू देऊ नका. आणि तुमची दाढ?

पांझरेकाठी

गुरुवारची वेळ घेतलीय. जेवून जाणार आहे.